गोंड्याची आंघोळ

कुत्र्यांच्या पार्लरमध्ये काम करणाऱ्या बाईला डॉक्टर म्हणता येत नाही आणि न्हावी म्हणवत नाही, म्हणून लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. सतरा वर्षं ती त्या एकाच दुकानाच्या मागच्या खोलीत उभी होती. खोलीत दोन उंच टेबलं, एक खोल टाकी, भिंतीला टांगलेल्या फण्या आणि कात्र्या, कोपऱ्यात ओलं कुत्रं आत ठेवून गरम हवेने सुकवायची ड्रायरची पेटी. जमिनीतल्या जाळीत दर तासाला केसांचा बोळा अडकायचा, तो बोटांनी काढायचा आणि पुढचं कुत्रं घ्यायचं. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखड्यांची नक्षी. घरी गेली की आई दारातच अडवायची, "आधी कपडे झटक, मग आत ये. परवा माझ्या चहात केस निघाला, तो तुझाही नव्हता आणि माझाही नव्हता."

लग्न झालं नव्हतं. होता होता राहिलं, आणि मग त्या विषयावर घरात कुणी बोलेनासं झालं. थोरली बहीण जवळच राहायची, तिची एक मुलगी होती. बाकी ताईचं जग म्हणजे ती मागची खोली.

काम मात्र तिच्या हातात होतं. चावरं कुत्रंसुद्धा टेबलावर चढवलं की ती आधी त्याच्या छातीवर तळवा ठेवून नुसती उभी राहायची. जनावर श्वास सोडायचं, आणि मग ती फणी उचलायची. कुठल्या कुत्र्याला घरी आंघोळ घातली आहे हे तिला लांबूनच कळायचं. काखेत साबण राहिलेला, कानात पाणी गेलेलं, पाठ छान विंचरलेली आणि पोटाखाली जटा. "वरून इस्त्री, आतून बोळा," असं ती हसून म्हणायची. पण रागवायची नाही. ती लोकांना एकच सांगायची, "घरी रोज विंचरा. तेवढं पुष्कळ झालं. आंघोळ आणि कात्री आमच्यावर सोडा. तुमचा जीव त्याच्यात अडकलेला असतो, म्हणून तुमचा हात कापतो. आमचा नाही कापत." हे ती मनापासून सांगायची. तिला ते खरंच वाटायचं.

काका पहिल्यांदा आले ते टॉवेलात गुंडाळलेलं कुत्रं घेऊन. टॉवेलावर रक्त होतं. कुत्रं पांढरं, लांब केसांचं, चपट्या नाकाचं, मांडीवर मावेल एवढं. नाव गोंडा. कानाच्या टोकाला कात्री लागली होती.

"माझ्याच हातनं झालं," काका म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांच्या तोंडातले दात केले, कधी टोचल्याची तक्रार नाही. आणि याचा कान कापला."

काका कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, काका घरामागच्या खोलीत बसून दात घासून, जुळवून द्यायचे. माणूस हसला की ते त्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायचे. बायको गेल्यावर घरात ते आणि गोंडा. दर रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी टब मांडून आंघोळ, मऊ ब्रशने दात, कापसाने कान, आणि धंद्यातल्याच बारीक वाकड्या कात्रीने पंजांमधले केस. आठ वर्षं हे चुकलं नव्हतं. आणि आता हात थरथरायला लागले होते. पेला भरून उचलला की अर्धा सांडायचा.

ताईने रक्त थांबवायची पावडर लावली, कान दाबून धरला. गोंड्याने तिच्या मनगटावर हनुवटी टेकली.

"विश्वास टाकतोय तुझ्यावर," काका म्हणाले. "सहजासहजी नाही टाकत हो तो. माणसं ओळखतो."

"मग तुम्ही पण टाका," ती म्हणाली. "हात असा असताना घरी कात्री नका लावू."

"दुकानात नको पण. त्याला इतका गोंगाट सहन होत नाही. तू घरी येशील का? मी धरतो, तू कर."

रविवारी दुकान बंद असायचं. ताईने विचार केला आणि हो म्हणाली.

पाच महिने ती गेली. जेवणाच्या टेबलावर रबरी चटई, खिडकीतून ऊन, काका खुर्चीत बसून दोन्ही हातांनी गोंड्याची हनुवटी धरायचे. हात थरथरायचे, त्याबरोबर गोंड्याची दाढीही थरथरायची, आणि काका सारखे म्हणायचे, "झालं हं, झालं, एवढंच." काम झाल्यावर ते तिला गोष्टी सांगायचे. एका नवरदेवाची कवळी लग्नाच्या आदल्या दिवशी कुत्र्याने पळवली होती, ती कशी रात्रीतून नवी करून दिली. एक आजोबा स्वतःची कवळी सोडून बायकोचीच घालून महिनाभर हिंडले, आणि वर तक्रार काय, तर दात बायकी दिसतात. ताई हसायची. दुकानात ती दिवसाला दहा कुत्री करायची, इथे एकच. फणी अलगद, घाई नाही, मागून कुणाची हाक नाही. सतरा वर्षांत काम असंही असू शकतं हे तिला कुणी दाखवलं नव्हतं.

पण कुणीतरी तिला त्या घरातून पिशवी घेऊन निघताना पाहिलं, आणि बातमी दुकानाच्या मालकिणीपर्यंत पोचली. मालकीण आरडाओरडा करणारी बाई नव्हती. तिने ताईला समोर बसवलं.

"गिऱ्हाईक दुकानात आलं होतं की तुझ्या घरी आलं होतं?"

"दुकानात."

"मग ते दुकानाचं. घरोघर फिरायचं असेल तर खुशाल फीर, पण इथली किल्ली ठेवून जा."

ताईचं वय एक्केचाळीस, आईचे गुडघे गेलेले, दुसरं काम येत नव्हतं. ती किल्ली घेऊनच घरी आली. आणि रविवारी काकांकडे जाऊन तिने त्यांची समजूत घातली. दुकानात गरम पाणी असतं, उंच टेबल असतं, काही लागलं-खुपलं तर प्राण्यांचे डॉक्टर पलीकडच्याच गल्लीत. घरी काय, पाठ मोडते आणि न्हाणीघर तुंबतं.

"मला आत बसू देतील?" काकांनी विचारलं.

"नाही बसू देत. मालक समोर दिसला की कुत्री जास्त धिंगाणा घालतात."

"मग धरणार कोण त्याला?"

"मी आहे ना," ताई म्हणाली.

काकांनी गोंड्याच्या कानामागे खाजवलं. मग म्हणाले, "बरं. तू आहेस तर."

चार वेळा सगळं नीट झालं. काका सकाळी गोंड्याला सोडायचे आणि समोरच्या बाकावर बसून राहायचे. ताई त्याला कधी पेटीत ठेवत नसे. चपट्या नाकाच्या कुत्र्याला गरम हवेत श्वास पुरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती त्याला टेबलावर घ्यायची आणि हातातल्या ड्रायरने, मंद हवेवर, अर्धा तास सुकवायची. मालकीण दारातून बघून जायची. "एका उंदराएवढ्या कुत्र्याला अर्धा तास," असं एकदा म्हणालीही.

पेटीचं बटण बिघडलं होतं. वेळ लावली की दहा मिनिटांनी हवा आपोआप बंद व्हायला हवी, पण कधीकधी काटा अडकायचा आणि हवा चालूच राहायची. ताईने दोनदा सांगितलं होतं. मालकीण म्हणाली होती, "माणूस येणार आहे पुढच्या आठवड्यात. तोवर लक्ष ठेवा की. डोळे कशाला दिलेत?"

मोठ्या सुट्ट्यांच्या आधीचा आठवडा होता. सगळ्यांना गावाला जायचं होतं आणि सगळ्यांना कुत्रं स्वच्छ हवं होतं. त्या दिवशी चौदा कुत्री नोंदवलेली. दुकानात तिच्याबरोबर काम करणारी मुलगी आजारी म्हणून आली नव्हती. काका गोंड्याला सोडून बाकावर बसले, पण ऊन वाढल्यावर ताईनेच बाहेर येऊन त्यांना सांगितलं, "आज वेळ लागेल, तुम्ही घरी जा. झालं की फोन करते."

गोंड्याची आंघोळ झाली. ती त्याला टेबलावर घेणार, तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरच्या थोरल्या कुत्र्याने गळ्याचा पट्टा ओढून उडी मारली आणि ते अर्धं लटकलं. मालकिणीने एकटीने त्याला धरलं होतं. "ते राहू दे, इकडे ये आधी," ती ओरडली. ताईच्या हातात ओला गोंडा होता. तिने पेटीचं दार उघडलं, त्याला आत ठेवलं, सगळ्यात कमी आचेवर बटण लावलं. दहा मिनिटं. दहाच काय, पाच मिनिटांत काढते, असं ती स्वतःशी म्हणाली.

थोरलं कुत्रं बिथरलं होतं. त्याची नखं व्हायची होती, कान व्हायचे होते. दोघी मिळून त्याच्याशी झटत होत्या. मग त्याचा मालक आला. मग फोन वाजला. ड्रायरचा आवाज त्या खोलीत दिवसभर असायचाच, त्यामुळे तो चालू असल्याचं कानाला कळत नसे.

फोन ठेवताना तिची नजर घड्याळाकडे गेली. अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

तिने दार उघडलं तेव्हा आतली हवा चेहऱ्यावर आली. गोंडा कुशीवर पडला होता. जीभ बाहेर, जांभळी. तिने त्याला उचलून टाकीत धरलं, पाणी सोडलं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि एप्रनसकट रस्त्यावर धावत सुटली. डॉक्टरांनी तपासलं, छातीला नळी लावली, पुन्हा लावली. मग नळी कानातून काढून ते म्हणाले, "रस्त्यातच गेला असेल. कदाचित त्याच्याही आधी."

ती त्याला घेऊन परत आली तेव्हा मालकिणीने दुकानाचं दार आतून लावलेलं होतं. थोरल्या कुत्र्याचा मालक निघून गेला होता.

"ऐक," मालकीण म्हणाली. "वय झालं होतं त्याचं. अशी कुत्री जातात पटकन. म्हाताऱ्याला सांगू, हृदय बंद पडलं."

"पेटीत..."

"खोटं काय आहे त्यात? शेवटी हृदयच बंद पडतं. आता पेटीचं सांगून त्या माणसाला काय मिळणार आहे? रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे येईल त्याच्या. तुला चालेल ते?"

ताईला ते चालणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिला भीतीही वाटत होती. तिने गोंड्याला टेबलावर घेतलं. टॉवेलाने ओला झालेला होता, म्हणून हातातल्या ड्रायरने, मंद हवेवर, अर्धा तास सुकवलं. विंचरलं. मालकीण दारातून बघून गेली.

काकांच्या घरी ती एकटी गेली. दारात उभी राहून म्हणाली, "काका, गोंडा गेला. आंघोळ झाली, आणि हृदय बंद पडलं."

काकांनी हात पुढे केले. तिने त्याला त्यांच्या हातात दिलं. ते खुर्चीत बसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"किती मऊ झालाय," ते म्हणाले. "आज छान सुकवलास."

ताईला तिथे उभं राहवेना, आणि निघताही येईना.

"तू रडू नकोस," काका म्हणाले. "माझ्या हातात गेला असता तर मी म्हटलं असतं, माझंच काही चुकलं. परक्या कुणाच्या हातात गेला असता तर जन्मभर शंका खात राहिली असती. तुझ्या हातात गेला. बरं झालं त्यातल्या त्यात."

पेटीचं बटण दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. पाऊण तासाचं काम होतं.

ताई त्यानंतर तीन आठवडे कामावर गेली. पेटीसमोरून जाताना तोंड दुसरीकडे करायची. हात स्थिर होते, काम नीट होत होतं, याचंच तिला जास्त भय वाटायचं. मग एके दिवशी दुपारी काका दुकानात आले. कागदात बांधलेलं एक पुडकं त्यांनी तिच्या हातात ठेवलं. आत गोंड्याची फणी, दातांचा मऊ ब्रश आणि ती बारीक वाकडी कात्री होती.

"कात्री चांगली आहे, तशी आता मिळत नाही," ते म्हणाले. "तुझ्या कामाला येईल. मी आता बरा आहे. झोप लागते. तू होतीस ना त्याच्याजवळ, हे आठवलं की झोप लागते."

त्या रात्री जेवताना तिने आईला सगळं सांगितलं. आईने घास खाली ठेवला.

"आता हे त्यांना सांगायला जाऊ नकोस," आई म्हणाली.

"ते मला कात्री देऊन गेले, आई."

"मग घे आणि गप्प बस. तुझ्या मनावरचं ओझं उतरवायला दुसऱ्याचं अंगण आहे का?"

रविवारी ताई गेली. काकांनी चहा ठेवला होता. ती बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितलं: पेटी, बटण, थोरलं कुत्रं, फोन, अठ्ठावीस मिनिटं. बटण बिघडलेलं मला माहीत होतं, हेही सांगितलं. बोलताना ती त्यांच्या हातांकडे बघत होती. हात थरथरत होते, पण ते तर नेहमीच थरथरायचे.

"भुंकला असेल?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही. ड्रायरचा आवाज असतो."

"दारावर पंजे मारले असतील."

पेटीच्या दारावर आतून ओरखडे होते. ते आधीचे की त्या दिवशीचे, हे तिने इतक्या वेळा वाकून पाहिलं होतं की आता तिला सांगता आलं नसतं.

काकांनी गॅस बंद केला. "मला झोप लागत होती," ते म्हणाले. "तू का आलीस?"

"खरं सांगायला."

"ते आलं लक्षात. कुणासाठी?"

मग ते आतल्या खोलीत गेले आणि बाहेर आले नाहीत. ताईने थोडा वेळ वाट पाहिली, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने मालकिणीसमोर किल्ली ठेवली. मालकीण म्हणाली, "एवढं मनाला लावून घेशील तर कुठलाच धंदा करता यायचा नाही तुला," आणि तेवढंच.

घरी बसून ताईला एकच सुचलं. दुकानांना परवाना देणारं कार्यालय होतं, तिथे जाऊन तिने तक्रार लिहिली. आपलं नाव, मालकिणीचं नाव, पेटी, बटण. आपण दोषी आहोत हे पहिल्याच ओळीत लिहिलं. खिडकीमागच्या कारकुनाने कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"कुत्रं तुमचं?"

"नाही. मी काम करणारी."

"म्हणजे तुम्ही तुमच्याच विरुद्ध तक्रार करताय."

"हो. आणि दुकानाविरुद्ध."

"बाई, नुकसान कुणाचं झालं? जनावराच्या मालकाचं. मग सही त्याची लागणार. तुमची कशी चालेल?" माणूस वाईट नव्हता. त्याने कोरा अर्ज दिला आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून दिली.

तो अर्ज तिच्याकडे आठ दिवस पडून होता. मग ती गेली. काकांनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून अर्ज घेतला, उभ्यानेच वाचला. त्यांनी दाढी केलेली नव्हती. मागे टेबलावर रबरी चटई तशीच अंथरलेली दिसत होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रांची चळत होती.

"सही केली तर काय होईल?"

"चौकशी होईल. दुकान काही दिवस बंद ठेवतील. मला पण बोलावतील. माझी चूक कागदावर येईल."

"म्हणजे तुला शिक्षा होईल."

"व्हायला हवी, काका."

काकांनी अर्जाची घडी घातली. घडी नीट पडेना, तरी घालत राहिले.

"आधी खोटं सांगितलंस, ते तुला सोपं जावं म्हणून," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मग खरं सांगितलंस, तेही तुला राहवेना म्हणून. आता मी सही करू, तुला शिक्षा मिळावी म्हणून, म्हणजे तुला बरं वाटेल. सगळं तुझंच चाललंय, पोरी. माझं कुत्रं गेलं."

त्यांनी अर्ज फटीतून परत दिला. ताईने हात पुढे केला, तेव्हा त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली आणि त्यांनी ती झटकन मागे घेतली.

"काका, माझं खरंच..."

"जा आता," ते म्हणाले, आणि दार लावलं.

ती पुन्हा गेली नाही. थंडी संपता संपता तिने रस्त्यात भेटलेल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कळलं की काकांनी ते घर सोडलं. पुतण्या येऊन घेऊन गेला म्हणे. कुठे, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. कवळ्यांच्या खोलीतलं सगळं सामान भंगारवाल्याने उचललं, दातांचे साचे गोणीत भरून नेले.

पार्लर चालू आहे. नवी पेटी आली आहे, काचेच्या दाराची. ताई आता औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पाकिटं मोजून खोक्यात भरते. डोक्याला टोपी, हातात मोजे, कुठे केसाचा मागमूस नाही. बरोबरच्या बायका चांगल्या आहेत. त्यांना ती आधी काय करायची ते माहीत नाही. एकदा एकीने तिच्या हातांवरचे व्रण बघून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, भाजलं होतं.

बहिणीच्या मुलीने पिल्लू आणलं, काळंभोर, कान जमिनीला लागणारं. ती पहिल्यांदा त्याला घेऊन आली ती ताईकडेच. "मावशी, याला घरीच आंघोळ घालू का दुकानात नेऊ? तूच सांग, तुझ्याएवढं कुणाला कळतं?"

ताईने तोंड उघडलं. पिल्लाने तिची चप्पल दातात धरली होती. कानाच्या आतल्या बाजूला एक लहानशी जट बसायला लागली होती, बोटानेच सुटली असती. तिने हात खाली नेला, आणि तो अर्ध्यावरच थांबला.

"मला नको विचारूस," ती म्हणाली आणि आत गेली.

भाचीने आजीकडे बघितलं. आजीने मान हलवली आणि पिल्लाला मांडीवर घेतलं, जिला चहातला एक केस चालत नव्हता तिने. तेव्हापासून रविवारी भाची यायच्या वेळेला आईच उठते, गुडघ्यांवर हात ठेवून चालत जाते आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेते. ताई पलंगावर बसलेली असते. बाहेर पिल्लू भुंकतं, धावतं, फरशीवर त्याची नखं वाजतात. नखं वाढली आहेत, हे तिला आवाजावरून कळतं. ती बसून राहते.